मृताची इच्छा आणि वाचकाचें ऋण

मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडूं नये, ही समजूत आपल्या समाजांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, तिचें कारण विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आजीनें शेवटच्या दुखण्यांत 'परसांतला फणस तोडूं नका' म्हणून सांगितलें असेल, तर घराची नवी खोली त्या झाडाला वळसा घालून बांधली जाते. बापानें 'धाकट्याला अंतर देऊं नका' म्हटलें असेल, तर थोरला भाऊ घरांतल्या कुरकुरीकडे कानाडोळा करून तो शब्द पाळतो. वास्तविक पाहतां हा व्यवहार मोठा विलक्षण आहे. ज्याला शब्द दिला तो तपासावयास येणार नाहीं, रागावणार नाहीं, फिर्याद करणार नाहीं. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेंच, तो शब्द जिवंत माणसाला दिलेल्या शब्दापेक्षां अधिक बांधतो. परंतु मरणारी व्यक्ति लेखिका असेल, आणि तिचा शेवटचा शब्द झाडाविषयीं नसून स्वतःच्या पत्रांविषयीं असेल, तर? तो शब्द पाळल्यानें एका मृत स्त्रीचा मान राहतो आणि मोडल्यानें हजारों वाचकांचा लाभ होतो, असा पेंच पडला, तर नीति कोणत्या बाजूला उभी राहते? या प्रश्नाचा विचार हवेंत न करतां एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारानें करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हें उदाहरण अमेरिकन कादंबरीकर्त्री विला कॅथर हिचें. तिचा जन्म १८७३ सालीं व्हर्जिनियांत झाला. १८८३ मध्यें, ती नऊ वर्षांची असतां, तिच्या कुटुंबानें नेब्रास्काच्या गवताळ माळावर स्थलांतर केलें आणि पुढें रेड क्लाऊड नांवाच्या लहानशा गांवीं बिऱ्हाड केलें. तो माळ त्या वेळीं नुकताच नांगराखालीं येत होता. स्वीडन, नॉर्वे, बोहेमिया, जर्मनी अशा दूरदूरच्या देशांतून आलेले शेतकरी गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचीं घरें बांधून तेथें राहत, आणि एका कोसाच्या परिसरांत चार भाषा कानीं पडत. या मुलीनें त्या घरांतून हिंडून तेथल्या म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकल्या. आणि पुढें लेखिका म्हणून तिनें जें मिळविलें त्याचें भांडवल बहुतेक तेथेंच गोळा झालें. १८९५ त ती नेब्रास्का विद्यापीठाची पदवीधर झाली. नंतर पिट्सबर्ग येथें वृत्तपत्रांत व शाळेंत नोकरी करून १९०६ मध्यें ती न्यूयॉर्कच्या 'मॅक्लूअर्स' या मासिकाच्या संपादकवर्गांत दाखल झाली.

येथें तिच्या आयुष्यांत एका पत्राचा प्रवेश होतो. सेरा ऑर्न ज्यूएट ही मेन प्रांतांतील साउथ बर्विक या गांवची लेखिका. आपल्या गांवाच्या आसपासच्या किनाऱ्यावरील कोळी, दर्यावर्दी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांच्याविषयीं लिहून तिनें नांव मिळविलें होतें. डिसेंबर १९०८ मध्यें तिनें विला कॅथरला एक लांबलचक पत्र लिहिलें. त्याचा भावार्थ असा कीं, मासिकाच्या धकाधकींत तुझी प्रतिभा झिजून जात आहे. आपलें खरें जग कोणतें हें ओळखून तेथें निवांतपणें उभी राहशील, तरच तुझ्या हातून कांहीं टिकाऊ घडेल. पुढच्याच वर्षीं ज्यूएट वारली. विला कॅथरनें कांहीं काळानें नोकरी सोडली, आणि १९१३ मध्यें 'ओ पायोनियर्स!' ही नेब्रास्काच्या शेतकऱ्यांची कादंबरी प्रसिद्ध करून ती ज्यूएटच्या स्मृतीस अर्पण केली. १९१८ त 'माय अँटोनिया' आली. तिची नायिका रेड क्लाऊडमध्यें घरकाम करणाऱ्या एका बोहेमियन मुलीवरून घेतलेली आहे. १९२३ मध्यें पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९२७ त 'डेथ कम्स फॉर दि आर्चबिशप' निघाली. ज्या लेखिकेला 'प्रांतिक' म्हणून बाजूस सारणें सोपें होतें, ती देशाच्या पहिल्या प्रतीच्या लेखकांत गणली जाऊं लागली.

२४ एप्रिल १९४७ रोजीं न्यूयॉर्क येथें तिचें निधन झालें. तिच्या मृत्युपत्रांत एक कडक निषेध होता: आपलें कोणतेंही पत्र, संपूर्ण अथवा अंशतः, छापूं नये. हा निषेध क्षणिक लहरीचा नव्हता. इझाबेल मॅक्लंग या तिच्या अत्यंत जिवलग मैत्रिणीचें १९३८ मध्यें निधन झालें, तेव्हां तिला लिहिलेलीं पत्रें परत आलीं आणि तीं नष्ट करण्यांत आलीं. मृत्युपत्राची अंमलबजावणी एडिथ लुइस या बाईकडे होती. तिनें तीन तपांहून अधिक काळ विला कॅथरबरोबर एका घरांत काढला होता. १९७२ मध्यें मरेपर्यंत एडिथ लुइसनें तो निषेध काटेकोरपणें पाळला. तिच्यामागून पुतण्यानेंही तसाच पाळला. तो २०११ मध्यें वारल्यावर पत्रांवरील हक्क विला कॅथर ट्रस्ट या संस्थेकडे गेले. आणि २०१३ मध्यें अँड्र्यू ज्यूवेल व जॅनिस स्टाउट यांनीं संपादिलेला ५६६ पत्रांचा निवडक संग्रह प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ लेखिकेच्या इच्छेविरुद्ध निघत आहे, हें संपादकांनीं लपविलें नाहीं. प्रस्तावनेच्या आरंभींच तें सांगून टाकलें.

छापण्यासारखीं पत्रें उरलीं तरी कशीं, असें वाचक विचारील. उत्तर साधें आहे. कादंबरीचें हस्तलिखित लेखकाच्या पेटींत राहतें. पत्र मात्र टपालांत टाकतांच परक्याच्या घरीं जातें. अशा रीतीनें पत्राला दोन धनी होतात. कागद ज्याला पाठविला त्याचा. शब्द मात्र लिहिणाऱ्याचे, आणि त्याच्यामागून त्याच्या वारसांचे. विला कॅथरच्या मित्रमैत्रिणींनीं, भाचरांनीं, प्रकाशकांनीं आपापल्या घरचे कागद निरनिराळ्या ग्रंथालयांस देऊन टाकले. आणि तिनें सर्व कांहीं जाळलें अशी ख्याति असतांही सुमारें ३,००० पत्रें आज ज्ञात आहेत. निषेध छापण्याचा होता. ग्रंथालयांत बसून वाचण्यास कोणाची हरकत नव्हती. यामुळें मोठी चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. जेम्स वुड्रेस यांनीं १९८७ त तिचें बृहत् चरित्र लिहिलें, तेव्हां त्यांच्यासमोर पत्रें होतीं. पण त्यांतलें एक वाक्यही उतरून घेण्याची मुभा नव्हती. सगळें स्वतःच्या शब्दांत सांगावें लागलें. २००२ मध्यें स्टाउट यांनीं पत्रांची एक सूचीच छापली, तींतही प्रत्येक पत्राचा केवळ सारांश. एकेका शब्दासाठीं जीव टाकणारी ही लेखिका, आणि चाळीस-पन्नास वर्षें तिच्या मनांतलें सांगितलें गेलें तें सारें दुसऱ्यांच्या शब्दांत!

या प्रकरणीं एक पक्ष असें म्हणतो कीं, मृताला सुखदुःख नाहीं. सबब मृताला हक्कही नाहीं. ज्या गोष्टीनें कोणाला इजा होत नाहीं आणि पुष्कळांना आनंद होतो, ती करण्यांत दोष कसला? हा युक्तिवाद दिसतो तितका पक्का नाहीं. आपण जिवंतपणीं ज्या इच्छा धरतों त्यांपैकीं अनेक आपल्या सुखदुःखाविषयीं नसतातच. मुलांचें आपल्यामागें बरें व्हावें असें बाप इच्छितो तें 'मला पाहतां येईल' म्हणून नव्हे. शिवाय, मृताला दिलेला शब्द कवडीमोल आहे असें एकदां ठरलें, तर त्याचा फटका जिवंतांनाच बसेल. कारण आज जिवंत असलेला प्रत्येकजण उद्यांचा मृत आहे, आणि आपल्या शब्दाला मागें कोणी विचारणार नाहीं या जाणिवेनें त्याला आजच कोणावर भरंवसा टाकतां येणार नाहीं. तेव्हां विला कॅथरची इच्छा ही विचारांत घेण्याजोगी गोष्ट आहे, एवढें तरी मान्य केलें पाहिजे.

बरें, ती इच्छा निव्वळ हट्टाची होती असेंही नाहीं. १९२२ मध्यें तिनें कादंबरीच्या कलेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांत तिचें म्हणणें असें कीं, कादंबरींतलें सामानसुमान बाहेर काढून खोली मोकळी केली पाहिजे. जें पानावर नांवानें सांगितलेलें नाहीं, पण वाचतांना जाणवतें, तेंच कलेचें खरें धन. असें मानणाऱ्या लेखिकेला, आपल्यामागें पत्रें छापून तेंच सामान लोक पुन्हां त्याच खोलींत आणून टाकतील, ही भीति वाटली तर नवल नाहीं. तिच्या 'ए लॉस्ट लेडी' या कादंबरीचा १९३४ मध्यें चित्रपट निघाला, तो पाहून तिला इतका विषाद वाटला कीं, पुढें आपल्या कथांचें नाट्यरूप वा चित्ररूप करण्यासही तिनें बंदी घातली. आणि ती एका लहान गांवाची लेखिका होती, हें विसरून चालणार नाहीं. मोठ्या शहराच्या कादंबरीकाराचीं पात्रें गर्दींत हरवून जातात. लहान गांवांतल्या पात्राचें घर कोणतें, त्याची सून कोण, हें सगळ्यांना ठाऊक असतें. अशा लेखिकेच्या पत्रांत शेजाऱ्यांचीं दुखणीं, कर्जें, भांडणें, मुलींच्या सोयरिकी हें सर्व यावयाचें. तीं पत्रें झांकून ठेवण्यांत स्वतःइतकेंच इतरांचेंही रक्षण आहे.

आपल्याकडे तुकोबांची गाथा इंद्रायणींत बुडविल्याची आणि ती कोरडी वर आल्याची कथा आहे. त्या कथेचें समाधान आपल्याला वाटतें, कारण गाथा बुडविणें हा कवीवर झालेला अन्याय होता आणि नदीनें तो दूर केला. पण कवीनेंच आपखुशीनें कांहीं वह्या डोहांत सोडल्या असत्या, आणि कोणी पाणबुड्यानें त्या वर काढल्या असत्या, तर आपण त्याला काय म्हटलें असतें? विला कॅथरच्या पत्रांची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे.

इतकें मान्य करूनही दुसरी बाजू उरतेच. निषेधानें विला कॅथरला हवें होतें तें मिळालें काय? तिला हवी होती ती शांतता. पण पत्रें झांकलीं गेलीं तेव्हां तर्कांना ऊत आला. ही बाई माणूसघाणी होती. जगावर रुसून एका कोपऱ्यांत बसली होती. कांहीं तरी लपवीत होती, असे निष्कर्ष काढले गेले, आणि त्यांना छेद देणारे तिचे स्वतःचे शब्द कोणालाही पुढें करतां येईनात. आतां पत्रें उघडीं झाल्यावर काय दिसतें? १९३० नंतरच्या मंदींत आणि अवर्षणांत नेब्रास्कांतल्या जुन्या शेतकरी कुटुंबांची चिंता वाहणारी आणि त्यांना मदत पाठविणारी स्त्री दिसते. १९३८ मध्यें एक भाऊ आणि १९४५ मध्यें दुसरा गेल्यावर खचलेली बहीण दिसते. उजव्या हाताच्या दुखण्यानें लेखणी धरतां येत नाहीं म्हणून व्याकुळ झालेली लेखिका दिसते. हिला झांकून ठेवणें ही तिची सेवा होती कीं तिच्यावर अन्याय, हें सांगणें सोपें नाहीं. इच्छेचा शब्द पाळला गेला. इच्छेचा हेतु मात्र साधला नाहीं.

या गुंत्यांत मला खुद्द विला कॅथरच्या एका कृतीचा आधार घ्यावासा वाटतो. १९२५ मध्यें तिनें ज्यूएटच्या उत्कृष्ट कथांचा संग्रह संपादिला. त्याच्या प्रस्तावनेची सुरुवातच ती आपल्याजवळच्या ज्यूएटच्या पत्रांतील एका वाक्यानें करते. मृत मैत्रिणीचें खासगी पत्र तिनें जगापुढें ठेवलें. यावरून तिला कोणी दुटप्पी म्हणेल. पण तसें म्हणणें उथळपणाचें होईल. तिनें काय निवडलें तें पाहावें. लेखनाची वस्तु मनांत वर्षानुवर्षें कशी घोळत राहते, यासंबंधींचें तें वाक्य आहे. मैत्रिणीच्या घरचें, मनाच्या दुखऱ्या कोपऱ्यांतलें कांहींही नाहीं. दुसऱ्याच्या पत्रांतून जगाला काय द्यावें आणि काय देऊं नये, याचें माप तिनें स्वतःच्या हातानें घालून दिलें आहे. जें वाक्य वाचणाऱ्याला लेखिकेच्या कृतीकडे नेतें तें द्यावें. जें केवळ तिच्या खोलीच्या दाराशीं नेऊन उभें करतें तें राहूं द्यावें.

अर्थात् हें माप हातीं घेतलेल्या संपादकासमोर उलट्या बाजूचा धोका उभा असतो. १९११ मध्यें ॲनी फील्ड्स या मैत्रिणीनें ज्यूएटचीं पत्रें छापलीं. विला कॅथरला लिहिलेलें तें १९०८ चें पत्र जगाला माहीत झालें तें याच पुस्तकामुळें. पण लाडकीं नांवें आणि जवळिकीच्या खुणा पुस्तकांतून कमी कराव्यात, असा सल्ला तिला मिळाला आणि बरेंच कांहीं गाळलें गेलें. हें गाळणें प्रेमापोटींच होतें. तरी त्यानें उभी राहते ती खऱ्या बाईची नव्हे, तर समारंभासाठीं सजविलेल्या बाईची मूर्ति. आपल्या वाङ्मयांतलें उदाहरण घ्यावयाचें तर, काशीबाई कानिटकर यांनीं १८८९ मध्यें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र लिहिलें, तें मुख्यतः पत्रव्यवहाराच्या बळावर. आनंदीबाई १८८७ त वारल्या तेव्हां त्यांचें बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. आपलीं पत्रें छापावींत कीं न छापावींत, हें सांगण्याइतकी उसंत आयुष्यानें त्यांना दिलीच नाहीं. तीं पत्रें पुढें आलीं नसतीं, तर एक पदवी आणि एक छायाचित्र एवढ्यावरच त्यांची ओळख थांबली असती.

मग निर्णय काय? येथें आपल्या स्मृतिकारांनीं ऋणाविषयीं केलेला विचार मला उपयोगी वाटतो. बापाचें कर्ज मुलानें व्याजासह फेडावें, नातवानें मुद्दल तेवढें फेडावें; पणतूवर सामान्यतः बंधन नाहीं, मात्र पूर्वजाची मिळकत त्याच्या हातीं आली असेल तर तिच्यापुरतें आहे, अशी ती व्यवस्था. ऋण पिढीगणिक सैल होतें, परंतु मिळकत हातीं आहे तोंवर अजीबात सुटत नाहीं, हें तिच्यांतलें मर्म आहे. एडिथ लुइसनें प्रत्यक्ष शब्द दिला होता. तिनें तो व्याजासह पाळला तें योग्यच झालें. पुतण्यानें मुद्दल राखलें. ट्रस्टमधील मंडळींनीं स्वतः शब्द दिलेला नव्हता. पण पत्रांचे हक्क ही मिळकत त्यांच्याकडे आली होती. तेव्हां पत्रें छापण्यास ते मोकळे असले, तरी ऋणमुक्त नव्हते.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें मृत्यूनंतर सत्तर वर्षांनीं, म्हणजे २०१८ च्या आरंभीं, तीं पत्रें आपोआप सर्वांसाठीं खुलीं व्हावयाचींच होतीं. मग आणखी पांच वर्षें थांबावयास काय झालें होतें? मला वाटतें, थांबण्यानें नीतीचा प्रश्न सुटला नसता. तो कायद्याच्या आड लपला असता एवढेंच. त्यापेक्षां, 'हें आम्ही तिच्या इच्छेविरुद्ध करीत आहों, आणि याचा बोल आमच्यावर आहे' असें उघड म्हणून, जाणत्या हातांनीं, टीपा देऊन तें काम करणें अधिक सरळपणाचें होतें. २०१८ पासून सर्व उपलब्ध पत्रें नेब्रास्का विद्यापीठाच्या विद्यमानें संगणकावर वाचावयास ठेवण्याचें कार्यही सुरू झालें. जिची वाणी इतकीं वर्षें दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली गेली, तिला तिची वाणी परत देणें, हीच त्या ऋणाची त्यांतल्या त्यांत चांगली फेड होय. परंतु फेड म्हणजे संमति नव्हे. तिची संमति नव्हती आणि ती आतां मिळणार नाहीं. 'तीही आज हयात असती तर हो म्हणाली असती' असली पळवाट कोणीं काढूं नये. कित्येक कृत्यें अशीं असतात कीं, तीं करणें बरोबर असतें आणि तरीही तीं करणाऱ्याच्या माथ्यावर कांहीं देणें शिल्लक राहतें.

तें देणें संपादकांपाशीं थांबत नाहीं. तें आपल्यापर्यंत, वाचकांपर्यंत, येऊन पोंचतें. पितृऋणाप्रमाणें ऋषिऋणही आपण मानतों, आणि तें फिटतें अध्ययनानें. ज्यानें 'माय अँटोनिया' वाचलेली नाहीं, त्यानें तिच्या कर्त्रीचीं पत्रें वाचण्याची घाई करूं नये; कारण आधीं कादंबरी वाचणाऱ्याला पत्रांत एक श्रम करणारी कलावती भेटते, तर नुसतीं पत्रें चाळणाऱ्याला केवळ एक कुतूहलाचा विषय. एखाद्या पत्रांत ती आपल्या भावाच्या मृत्यूचें दुःख सांगूं लागली, तर तें पान वाचावें. पण त्यावरून सिद्धांत रचूं नये. आपल्या घरांत अशुभाचें पत्र आलें कीं तें वाचून फाडून टाकण्याची रीत होती. बातमी नाकारावी हा तिचा अर्थ नव्हे. कांहीं मजकूर समजून घेण्यासाठीं असतो, जपून मिरविण्यासाठीं नव्हे, एवढाच तिचा अर्थ.

आणि जिवंतांनाही यांत एक बोध आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर एखाद्या पेटींत आईच्या, आत्याच्या, आजीच्या हातचीं पत्रें, कवितांच्या वह्या, जमाखर्चाच्या चोपड्या पडून असतात. त्या लिहिणारी स्त्री हयात असेल, तर तिला एकदां विचारावें: याचें काय करावयाचें? ती 'जाळून टाका' म्हणाली, तर कां म्हणून विचारावें. आणि ती 'ठेवा' म्हणाली, तर वाळवी लागण्यापूर्वीं त्यांची नीट व्यवस्था लावावी. विला कॅथरनें आपली इच्छा निदान स्पष्ट शब्दांत सांगून ठेवली होती, म्हणून ती मोडतांना तिच्या वारसांना विचार करावा लागला. आपल्याकडील बहुतेक स्त्रियांना तर हा प्रश्न कोणीं विचारलेलाच नसतो.